सांडपाण्यातील औषधे : शुद्धीकरण आणि खर्चाचा प्रश्न

सांडपाणी शुद्ध करणे म्हणजे काय, असे विचारले तर आपण सहज सांगतो, त्यातील घाण काढणे. परंतु घाण एकाच प्रकारची नसते. नेहमीच्या प्रक्रिया केंद्रात प्रथम गाळ खाली बसवतात. नंतर टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात व ते पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये खाऊन टाकतात. ही पद्धत मैल्यासाठी आहे, औषधांसाठी नव्हे. आपण घेतलेल्या अनेक औषधांचा काही भाग लघवीवाटे तसाच बाहेर पडतो. त्यांपैकी पॅरासिटामॉल या टाकीत बहुतांशी नाहीसे होते. फेफऱ्यावरील कार्बामाझेपीन मात्र जवळजवळ आले तसेच पुढे जाते.

प्रतिजैविकांचा धोका निराळा आहे. टाकीत जिवाणूंची दाटी असते. तेथे प्रतिजैविक पुरेशा प्रमाणात आले की त्याला दाद न देणारे जिवाणू टिकतात, आणि हा गुण ज्या जनुकांत असतो ती जनुके शेजारच्या जिवाणूंनाही मिळू शकतात. क्लोरीनने जिवाणू मेले तरी त्यांची जनुके पाण्यात उरू शकतात. म्हणजे औषध काढणे आणि प्रतिकारशक्ती काढणे ही दोन वेगळी कामे आहेत.

याचे ठळक उदाहरण हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आहे. तेथील सामायिक केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी येत असे. स्वीडनमधील संशोधक जोआकिम लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली आपली तपासणी प्रसिद्ध केली. प्रक्रिया झालेल्या एक लिटर पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. रोग्याच्या रक्तात उपचाराच्या वेळी असते त्याहून हे प्रमाण अधिक होते! दिवसाला अंदाजे ४५ किलो औषध वाहून जात होते. संपूर्ण स्वीडन देशाला ते पाच दिवस पुरले असते.

यावर उपाय आहेत. ओझोन वायू औषधांचे रेणू फोडतो. मात्र पाण्यात ब्रोमाइड असल्यास ब्रोमेट हे घातक द्रव्य तयार होते. सक्रिय कोळसा रेणू धरून ठेवतो, पण काही काळाने तो भरतो व बदलावा लागतो. सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळले की जिवाणू अडतात. व्युत्क्रम परासरणात औषधेही बहुतेक अडतात. मात्र ती मागे राहिलेल्या खाऱ्या पाण्यात साठतात व त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. नामिबियाची राजधानी विंडहुक येथे १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरतात. तेथील आजच्या केंद्रात ओझोन, कोळसा आणि पडदा अशी एकामागून एक योजना आहे.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न : हा खर्च कोणाच्या खाती टाकायचा? स्वित्झर्लंडने २०१६ पासून केंद्रांच्या सुधारणेसाठी दरडोई वर्षाला कमाल ९ फ्रँक आकारणी ठेवली. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने बनवणाऱ्यांवर टाकला. औषध उद्योगाला हे मान्य नाही. परंतु अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते की, उत्पादनाचा जो भार इतरांवर पडतो तो किमतीत धरला नाही तर ती किंमत अपुरी असते. पाटणचेरूची स्वस्त गोळी याच अर्थाने स्वस्त होती. उरलेली किंमत नाल्याकाठच्या शेतकऱ्याने भरली.

आपल्या कर्नाटकात २०१८ पासून बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलारच्या तलावांत सोडले जाते. दुष्काळी भागाला पाणी हवेच. पुनर्वापराला विरोध करणे शहाणपणाचे नाही. मात्र भूजलात मुरणाऱ्या या पाण्याची तपासणी मैल्यापुरती थांबू नये. कारखान्यातील सांडपाणी थोडे व औषधाने दाट असते, म्हणून ते कारखान्यातच शुद्ध करणे सोपे व स्वस्त पडते. एकदा ते शहराच्या पाण्यात मिसळले की तेच औषध काढण्यासाठी कितीतरी पट पाणी हाताळावे लागते. घराघरांतून येणाऱ्या औषधांसाठी मात्र शहराच्या केंद्रातच पुढची पायरी बांधावी लागेल. तिचा खर्च आज ताळेबंदात घेतला नाही, तर उद्या तो रुग्णालयाच्या बिलात दिसेल.