दिव्यावर खापर फोडण्याआधी

सातारा

चि. मुक्ता,


तुझा मेसेज वाचला. अभ्यासिकेत बसलं की चेहऱ्याची आग होते, डाव्या गालावर काळपट डाग आलाय, आणि शेजारच्या मुलीने निदान करून टाकलंय की हे सगळं डोक्यावरच्या एलईडीचं काम. आता तू ‘ब्लू लाइट’पासून वाचवणारं बाराशे रुपयांचं क्रीम घ्यायला निघालीस. जरा थांब. पैसे तुझ्या बाबांचे आहेत आणि चेहरा तुझा. दोन्हींच्या बाबतीत घाई नको.

घरातल्या दिव्याने त्वचेला काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएलच्या आत पाऱ्याची वाफ असते. त्यातून वीज वाहिली की मुख्यतः 254 नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्यांचा आपल्याला दिसणारा उजेड करतो. सरळ नळीत हा लेप नीट बसतो. सीएफएलची नळी मात्र वेटोळी, त्यामुळे लेपाला बारीक चिरा जातात. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाने 2012 साली बाजारातले सीएफएल तपासले, तेव्हा या चिरांतून अतिनील किरण बाहेर येत होते आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींना त्यांनी इजाही केली. त्याआधी, 2008 मध्येच, ब्रिटनच्या हेल्थ प्रोटेक्शन एजन्सीने सांगून ठेवलं होतं की उघड्या सीएफएलपासून 30 सेंटिमीटरच्या आत रोज तासाभरापेक्षा जास्त बसू नये. हा सल्ला टेबल लॅम्पसाठी, छतावरच्या दिव्यासाठी नव्हे. तुझ्या खोलीतल्या लॅम्पमध्ये अजून तो जुना सीएफएल असेल तर काढून एलईडी लाव. विषय संपला.

आता एलईडी. त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच. आतली चिप साधारण 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते आणि पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. निळ्या उजेडाने आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर काळेपणा येऊ शकतो, हे खोटं नाही. डेट्रॉइटच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये नुसत्या दृश्य प्रकाशाचा प्रयोग केला, त्यात सावळी कातडी काळवंडली, गोरी नाही. जाहिराती इथवर येऊन थांबतात. त्या प्रयोगातला प्रकाश किती प्रखर होता, हे त्या सांगत नाहीत. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स उजेड असतो. अभ्यासिकेत 300 ते 500 असला तर पुष्कळ झाला. वांग असलेल्या रुग्णांना संगणकाच्या पडद्यासमोर रोज 8 तास, असे 5 दिवस बसवूनही पाहिलं गेलंय. वांग वाढले नाहीत. तेव्हा ते क्रीम दुकानातच राहू दे.

मग डाग कशाचा? तुझी जागा खिडकीशी आहे, हे तूच लिहिलंस. खिडकी डाव्या हाताला आहे का, एवढं बघ. साधी काच अतिनील किरणांतला यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बराचसा आत सोडते. ऊन लागत नाही म्हणून आपण निर्धास्त बसतो. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचा फोटो 2012 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. 28 वर्षं डिलिव्हरीचा ट्रक चालवलेला माणूस. खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी त्यामानाने तुकतुकीत. आमच्या धंद्यात तो फोटो सगळ्यांना पाठ आहे. त्यातून तू पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या घेत असशील तर त्वचा या किरणांना आणखी हळवी होते. जागा बदल. बदलता येत नसेल तर किंचित मातकट रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन लाव. ते दृश्य प्रकाशही अडवतं, आणि बाराशेला पडत नाही.

आग होते त्याबद्दल मला वेगळाच संशय आहे. मेडिकलमधून ‘गोरेपणाची ट्यूब’ आणून लावतेस का? खरं सांग, रागावणार नाही. त्या मिश्रणात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. आठ-पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, गरम हवेने, उन्हाने भाजल्यासारखी होते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली तक्रार ट्यूबलाइटची सांगतात आणि पर्समधून ही ट्यूब काढतात. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. ती कितपत पाळली जाते, हे तुझ्या कोपऱ्यावरचा दुकानदार सांगेल.

दिव्याचा खरोखर त्रास होणारी माणसं असतात. ल्युपस किंवा पोर्फिरियाचे काही रुग्ण घरातला उजेडही सोसू शकत नाहीत. सांधे दुखणं, तोंडात वारंवार फोड येणं, नाकापासून दोन्ही गालांवर पसरलेला लाल चट्टा, असं काही असेल तर मला त्याच दिवशी फोन कर. तेव्हा रक्त तपासू.

तोवर एवढंच कर: लावतेस त्या ट्यूबचा आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आज रात्री पाठव, नावं वाचता येतील असा. ट्यूब माझ्याशी बोलल्याशिवाय एकदम बंद करू नकोस, चेहरा आणखी पेटेल. आणि परीक्षेच्या काळजीत जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आत्या