कोरी पाटी की न पुसलेली?



आपल्यापैकी ज्यांनी भारतात शाळा केली, त्यांना दगडी पाटी आठवत असेलच. थोरल्या भावंडाची पाटी हाती आली की आधी ती ओल्या फडक्याने पुसावयाची आणि मगच गणित मांडावयाचे. न पुसता मांडले, तर त्याचा एखादा आकडा आपल्या बेरजेत शिरे. आज हाच धडा आपण संगणकावर गिरवू.

पायथन या संगणकभाषेत आकडेमोडीसाठी नमपाय नावाचा तयार आज्ञांचा संच आहे. त्याची १.० आवृत्ती २००६ साली निघाली. संख्यांची सारणी, म्हणजे ॲरे, करण्यासाठी त्यात अनेक आज्ञा आहेत. 'झीरोज' ही आज्ञा जागा देते आणि प्रत्येक घरात शून्य असल्याची हमीही देते. 'एम्प्टी' नुसती जागा देते. तिच्या नावाचा अर्थ 'रिकामी' असला, तरी घरे कोरी नसतात. संगणकाच्या स्मृतीत त्या जागी आधी जे पडलेले असेल, तेच संख्या म्हणून दिसते. कधी शून्ये, तर कधी भलतेच आकडे! पुसण्याचा वेळ वाचतो, एवढाच तिचा लाभ. सर्व घरे आपण लगेच भरणार असू, तरच तो घ्यावा.

आता उदाहरण पाहू. वर्गात ५ विद्यार्थी. चौघांचे गुण ६२, ७१, ५५ व ४८, एक गैरहजर. 'एम्प्टी'ची ५ घरे घेऊन आपण ४ भरली. सरासरी किती येईल? सांगता येत नाही, कारण पाचव्या घरात काय आहे हे आपण ठरविलेलेच नाही. संगणक मात्र कुरकुर न करता उत्तर देतो. आज बरे दिसलेले उत्तर उद्या बदलेल, हा खरा धोका.

'झीरोज' घेतल्यास सरासरी ४७.२ येते. आकडा सभ्य दिसतो, परंतु गैरहजर मुलास आपण शून्य गुण दिले! म्हणून 'फुल' या आज्ञेने सर्व घरांत आधी 'नॅन', म्हणजे 'संख्या नाही' ही खूण भरावी. मग 'मीन'ने सरासरी काढल्यास उत्तरही नॅनच येते आणि राहिलेले घर लक्षात येते. 'नॅनमीन' ही आज्ञा चौघांचीच सरासरी देते : ५९.

स्वाध्याय : 'एम्प्टी'ने घेतलेल्या ३ घरांत, काहीही न भरता, प्रत्येकी ५ मिळविले. उत्तर काय?

ज्यांनी '५' लिहिले, त्यांनी पाटी पुन्हा पुसावी.