हालचाल म्हणजे हजेरी नव्हे

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही लायब्ररीच्या रीडिंग रूममधल्या एसीला कंट्रोलर जोडला. प्रोग्रॅम अगदी सोपा: पीआयआर सेन्सरला हालचाल दिसली की एसी चालू, ५ मिनिटं दिसली नाही की बंद. पहिल्याच रात्री एसी ४ वेळा बंद पडला, आणि आत ११ जण अभ्यास करत होते! सकाळी पाहतो तर कुणीतरी आमची वायर काढून एसी डायरेक्ट केलेला.

सेन्सर बरोबरच होता, चूक आमची. पीआयआर माणूस मोजत नाही. इन्फ्रारेड किरणांमधला बदल तेवढा टिपतो. मान खाली घालून वाचणारा त्याच्या लेखी नसतोच.

मग ३ दुरुस्त्या केल्या. टायमर २० मिनिटांचा केला. हालचाल दिसली की तो पुन्हा पहिल्यापासून. शिवाय कार्बन डायऑक्साइड सेन्सर बसवला. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, उच्छ्वासात मात्र जवळपास ४ टक्के. म्हणून टायमर संपला तरी हा आकडा घसरू लागेपर्यंत खोली रिकामी धरायची नाही. आणि रिकामी धरली तरी एसी बंद न करता सेटपॉइंट २४ वरून २८ अंशांवर न्यायचा.

रिकाम्या खोलीत एसी चालला तर थोडी वीज जाते. भरल्या खोलीत बंद पडला तर वायर निघते, आणि सगळीच बचत जाते. तेव्हा मित्रांनो, कोड लिहिण्याआधी तासभर त्या खोलीत बसून बघा.