दमा : श्वासनलिकेचे दोन कासरे

मराठीत दम लागतो, दम धरतात आणि दम देतातही. ‘दम’ म्हणजे श्वास, हा अर्थ फारसीतून आला. ‘दमा’ हे दुखणे त्याच शब्दाच्या घरातले. या दुखण्यात श्वासनलिकांना सूज येते, चिकट कफ साठतो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आखडतात. वाट अरुंद झाली की छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो.

हे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत. त्यांचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेला महाराष्ट्राची पाठ्यपुस्तके ‘स्वायत्त चेतासंस्था’ म्हणतात. पांढुर्णा-सौंसरची हिंदी माध्यमातली मुले तिला ‘स्वायत्त तंत्रिका तंत्र’ म्हणून ओळखतात. तिच्या दोन शाखांची नावे मात्र दोन्हीकडे सारखीच आहेत : अनुकंपी आणि परानुकंपी.

बैलाच्या दोन कासऱ्यांसारखे त्यांचे काम चालते. परानुकंपी शाखेची व्हेगस ही चेता ॲसिटिलकोलीन सोडते आणि स्नायू आखडतात. अनुकंपी शाखा उलट बाजूने ओढते. ‘अनुकंपा नियुक्ती’मुळे या शब्दाचा दया हा अर्थ आपल्या कानांत बसला आहे, पण ही शाखा संकटात लढण्या-पळण्यासाठी शरीराला सज्ज करते. माणसाच्या श्वासनलिकेच्या स्नायूंपर्यंत तिचे तंतू फारसे पोहोचत नाहीत. तिच्या हुकमाने मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ॲड्रेनलीन सोडतात, ते रक्तातून येऊन बीटा-2 ग्राहींना चिकटते आणि स्नायू सैल होतात. रात्री ॲड्रेनलीन उतरते, व्हेगसचा जोर वाढतो. दमा पहाटे उसळतो, त्याचे हे एक कारण.

औषधेही हेच दोन कासरे हाती घेतात. सालब्युटामॉल बीटा-2 ग्राहींना चेतवते आणि काही मिनिटांत वाट मोकळी करते. हात थरथरणे, छाती धडधडणे हा त्याच गुणाचा दुसरा परिणाम. इप्राट्रोपियम ॲसिटिलकोलीनची वाट अडवते. त्याचे मूळ ॲट्रोपिनमध्ये, आणि ॲट्रोपिन महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यातही असते. दम्यावर धोतऱ्याचा धूर घेण्याचा भारतीय उपाय 1802च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडात गेला. पण धोतरा विषारी आहे. कोणत्या पानात किती विष, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून तो प्रयोग आज कोणीही करू नये. उलट, रक्तदाब वा धडधडीसाठी दिले जाणारे प्रोप्रानोलॉल बीटा ग्राही बंद करते, त्याने दमा भडकू शकतो. कोणत्याही दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलात तरी आपला दमा आधी सांगावा.

‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने पुष्कळजण औषध टाळतात. सवय लागत नाही. मात्र वाट उघडणारा पंप सूज उतरवत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले श्वासातून घ्यायचे स्टेरॉइड नियमित घ्यावे लागते. पहिला पंप वारंवार लागू लागला, तर सूज आत वाढते आहे असे समजावे. त्याने आराम पडेना, बोलताना वाक्य तुटू लागले, तर घरी दम धरून बसू नये. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.