भेद, विरोध आणि वासना

लीळाचरित्राच्या दोन पोथ्या समोर ठेवून वाचणाऱ्या एका वासनिक सद्गृहस्थांनी मध्यंतरी आम्हांस विचारले, 'एका पोथीत प्रसंग उदयाच्या पूजावसरानंतरचा, दुसरीत तोच दुपारचा. मग या विरोधाचा परिहार कसा करावा?' प्रश्न आस्थेचा आहे. परंतु उत्तराआधी त्यातील 'विरोध' हा शब्दच तपासला पाहिजे. शब्द चुकला की परिहारही भलत्याच गोष्टीचा होतो.

दोन वस्तू एक नव्हेत, एवढेच सांगावयाचे असेल तर तो भेद. घट हा पट नव्हे. पण दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्या प्रत्येकाचे दुसऱ्याशी वैर आहे असे म्हणत नाही. विरोध हा याहून कठोर. जेथे एक आहे तेथे दुसरे राहूच शकत नाही, उजेड आणि अंधार यांप्रमाणे, तेथेच तो शब्द योजावा. विसंवाद आणखी निराळा. तो ज्ञान आणि वस्तू यांच्यामध्ये असतो. मृगजळाकडे धावलेल्यास पाणी मिळत नाही, हा विसंवाद. बोलणाऱ्याच्याच मागील-पुढील बोलण्याची सांगड बसेना, तर ती विसंगती. व्यवहारात आपण या सर्वांस 'फरक' किंवा 'तफावत' म्हणून मोकळे होतो. अरबीतून फारसीवाटे आलेले हे शब्द जमाखर्चाच्या वहीस पुरतात, शास्त्रविचारास पुरत नाहीत.

आता पोथ्यांकडे वळू. भिन्न पाठास पाठभेद किंवा पाठांतर म्हणतात. (पाठांतर म्हणजे घोकणे, हा रूढ अर्थ येथे मनात आणू नये.) आपल्या पूर्वजांनी मात्र याहून अर्थगर्भ शब्द वापरला : वासना. मूळ कथन चालू असता मध्येच 'वासना' असे लिहून निराळे कथन दिलेले आढळते. कोठे 'शोधु' असेही येते. नवख्या वाचकास वासना म्हणताच लालसा आठवते व तो गोंधळतो. येथे वासना म्हणजे चित्तावर उरलेला ठसा. फुले काढून घेतली तरी वस्त्रात सुगंध राहतो, तशी ऐकलेली गोष्ट स्मरणात राहते. हा शब्द सहज पडलेला नसावा. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ प्रत खालशाच्या धाडीत हरपली आणि हिराइसा प्रभृतींच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे परंपरा सांगते. जो ग्रंथ स्मरणातून परत मिळाला, त्यातील भिन्न पाठास 'चूक' न म्हणता 'वासना' म्हणणे, यात केवढा विवेक आहे !

अर्थात प्रत्येक बदललेले अक्षर वासना नव्हे. सकळ लिपीची चिन्हे निराळी. बाळबोधात मुळीच सारखी न दिसणारी दोन अक्षरे तेथे सारखी भासू शकतात. अशाने झालेला पालट हा लेखकप्रमाद. तो डोळ्याचा दोष आहे, स्मरणाचा नव्हे. त्यास वासनेचा मान देऊ नये.

हा विवेक आम्हांसही उशिरा आला. विद्यार्थिदशेत एका जीर्ण पोथीची प्रत करताना मूळ कथनाशी न जुळणारी एक वासना आम्ही विसंगत समजून गाळली. पूर्वीचे लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फाशीत. आम्ही तेवढेही केले नाही, नुसते पुढे गेलो. काही वर्षांनी ती पोथी पाहावयास गेलो, तो नेमक्या त्या पानांना कसर लागलेली. वासनेचा आशय अंधुक आठवतो. शब्द आठवत नाहीत. आता ती कोणत्या आधाराने लिहावी?

त्या सद्गृहस्थांच्या पोथ्यांत विरोध आहे तो केवळ वेळेपुरता, कारण एकच प्रसंग सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळी घडणार नाही. स्थळ, माणसे, झालेले बोलणे यांविषयी दोन्ही पोथ्या एकमुखाने बोलतात. त्यांनी मागील व पुढील लीळा पाहाव्यात. त्याच दिवशी दुपारी प्रस्थान झाल्याचे तेथे असेल, तर निर्णय आपोआप होईल. तसे नसेल, तर एक पाठ मुख्य म्हणून घ्यावा आणि दुसरा त्याखाली, कोणत्या पोथीतला ते नोंदवून, जसाच्या तसा उतरून ठेवावा.