वहीत मुलाचं स्वतःचं वाक्य आहे का?



पालकसभेला आलात की तुम्ही बाकावर बसून आधी मुलाची वही उघडता. अक्षर कसं आहे, पानं पूर्ण आहेत का, तारीख-वार घातलाय का, बाईंची सही आहे का, हे बघता. अर्धी रजा टाकून, कामाचा खाडा करून तुम्ही येता ते काळजीपोटीच. म्हणूनच आज या वहीबद्दल तुमच्याशी मोकळेपणानं बोलावंसं वाटलं. माझी एक विनंती आहे. वहीत आणखी एक गोष्ट शोधत जा: आपल्या मुलानं स्वतःच्या मनानं लिहिलेलं एक तरी वाक्य.

बहुतेक वह्यांत ते सापडत नाही. फळ्यावरची प्रश्नोत्तरं असतात, धड्याखालचा स्वाध्याय असतो, दहा-दहा वेळा लिहिलेले शब्द असतात. निबंधही असतो, पण वर्गातल्या सगळ्या वह्यांत तोच. 'माझी आई' या निबंधातली प्रत्येक आई प्रेमळ असते आणि पहाटे लवकर उठून डबा करते. जिची आई रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येते, ती मुलगीही हेच लिहिते. तिला आपल्या आईबद्दल सांगायला कितीतरी असतं, पण ते लिहायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

हे एखाद्या शाळेचं चित्र नाही. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा, अशा दोन ठिकाणी मराठी आणि कन्नड शिकणाऱ्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत पाठपुरावा केला. वाड्याच्या बाजूला सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था या कामात होती. 'लिरिल' या नावानं हा अभ्यास ओळखला जातो. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गातला बराचसा वेळ अक्षरं, बाराखडी, सुटे शब्द आणि फळ्यावरून उतरवून काढणं यांत जात होता. मनातलं लिहायची संधी मुलांना फारच थोडी मिळत होती. तिसरीत आल्यावरही अनेक मुलांना एकमेकांशी धागा असलेली चार वाक्यं स्वतःहून लिहिता येत नव्हती. पानं मात्र भरलेली होती.

आपण सगळेच एका समजुतीत वाढलो आहोत: आधी अक्षरं पक्की होऊ देत, मग शब्द, मग वाक्यं, आणि विचार सगळ्यात शेवटी. पण आपल्या लिपीत अक्षरं 'पक्की' व्हायला किती वेळ लागतो, याचा विचार करा. तीस-बत्तीस व्यंजनं आणि त्यांची बाराखडी म्हटली तरी साडेतीनशेच्या वर रूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. आपल्यासारखीच बाराखडीची व्यवस्था असलेल्या कन्नडचा अभ्यास सोनाली नाग यांनी केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरओळख पहिलीत संपत नाही, ती तिसरी-चौथीपर्यंत चालूच राहते, असं त्यात दिसलं. म्हणजे अक्षरं पक्की होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर मुलाची प्राथमिक शाळा संपत येते आणि त्यानं स्वतःचं असं काहीच लिहिलेलं नसतं.

बाळ दुधाला 'दुदू' म्हणतं तेव्हा आपण त्याला गप्प करत नाही. आधी दूध देतो, आणि देता देता 'दूध हवंय का बाळाला?' असं नीट म्हणतो. लिहिण्याच्या बाबतीत मात्र आपला हा समजूतदारपणा कुठे जातो?

दुसरीतल्या एका मुलीनं लिहिलेल्या या तीन ओळी वाचा, तिनं लिहिल्या तशाच देते:

माजी आजी कैरीच लोनच घालते. ती मला बरनीला हात लावू देत नाय. तीच्या हाताला वास येतो.

लाल पेन घेऊन बसलं तर सहा खुणा होतील. माझी, कैरीचं, लोणचं, बरणीला, नाही, तिच्या. पण आता तिला काय येतं ते बघा. तिला वाक्य कुठे संपतं ते कळतं. 'आजी' आणि 'बरनी' यांतली दीर्घ वेलांटी तिनं बरोबर दिली आहे. 'च्या' हे जोडाक्षर जमलंय. 'ण'च्या जागी 'न' तिनं दोन्ही वेळा लिहिला, कारण तिच्या घरात तसंच बोलतात. म्हणजे ती अंदाजपंचे लिहीत नाही, कान देऊन लिहिते. आणि तिसरं वाक्य तर कोणत्याच गाईडात मिळायचं नाही. ते तिनं स्वतः हुंगून आणलं आहे.

आता तिला एकच प्रश्न विचारायचा: 'आजी बरणीला हात का लावू देत नाही गं?' ती म्हणाली, 'वला हात लागला की बुरशी येते.' 'मग हे लिही की!' झालं. चौथं वाक्य आलं आणि त्यासोबत कारण सांगणंही आलं. 'लोणचं' कसं लिहायचं ते तिला दुसऱ्या दिवशी दाखवता येतं, आणि तेव्हा ते तिला हवं असतं, कारण तो शब्द तिच्या आजीच्या गोष्टीतला आहे.

लिहिणाऱ्या मुलाला आधी मजकुराबद्दल विचारायचं, चुका नंतर बघायच्या, ही रीत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये डोनाल्ड ग्रेव्हज यांनी वर्गात बसून, मुलं लिहीत असताना त्यांचं निरीक्षण करून मांडली. त्यांचं पुस्तक १९८३ मध्ये आलं. कॅनडात जीन वुलेट आणि मोनिक सेनेशाल यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना ऐकू येईल तसे शब्द लिहू दिले आणि प्रत्येक वेळी थोडंसं पुढचं दाखवलं. त्या मुलांना नवे शब्द वाचायला शिकणं इतरांपेक्षा सोपं गेलं. हा अभ्यास २००८ चा आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवरचा आहे, पण त्यातून एक धीर मिळतो. मनानं, चुकत लिहिलं म्हणून मुलाची भाषा बिघडत नाही. सोबत हळूच दुरुस्ती मिळाली की वाचनालाही हातभार लागतो.

मोठ्या मुलांचं काय? स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांना लेखन शिकवण्यावर झालेले कितीतरी प्रयोग एकत्र करून २००७ मध्ये त्यांचं सार काढलं. सगळ्यात जास्त फायदा कशानं झाला? लिहिण्याआधी ठरवायचं कसं, लिहिलेलं पुन्हा तपासायचं कसं, हे मुलांना पायरीपायरीनं शिकवल्यानं. वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवल्यानं. दोघा-तिघांनी मिळून लिहिल्यानं. दोन छोटी वाक्यं जोडून एक करायच्या सरावाचाही उपयोग झाला. लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणानं मात्र लेखन सुधारलं नाही, परिणाम उलट उणेच निघाला. तेव्हा सहावीतल्या मुलाला निबंध जमत नसेल, तर निबंधांचं आणखी एक पुस्तक आणून पाठ करून घेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, 'तुला यात काय सांगायचंय? आधी काय सांगशील, मग काय?' त्यानं सांगितलेले चार मुद्दे कागदावर मांडू द्या. निम्मा निबंध तिथेच होतो.

याचा अर्थ अक्षर गिरवणं सोडून द्यायचं, असा कुणी घेऊ नका. हात वळला नाही तर मुलाचं सगळं लक्ष अक्षर काढण्यातच जातं आणि विचार मागे राहतो. हस्ताक्षराचा नीट सराव मिळालेली मुलं लिहितातही बरं, हेही संशोधनातून दिसलं आहे. सराव हवाच, शुद्धलेखनही हवं. फक्त तेवढ्यालाच लेखन समजू नका. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं भाषेच्या तासाचे चार भाग सांगितले आहेत: बोलणं-ऐकणं, शब्द ओळखणं, वाचन आणि लेखन. चारही रोज सोबत चालायचे आहेत, एक संपल्यावर दुसरा नाही.

इथे बोलण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण लेखनाचं मूळ तिथे आहे. घरी वारली, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारं मूल शाळेत येतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं की आपलं बोलणं 'चुकीचं' आहे. मग ते गप्प बसतं. गप्प बसलेलं मूल लिहिणार काय? मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ फलटणला राहिल्या. गावातल्या वेगवेगळ्या माणसांच्या बोलण्यावर त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला आणि मग तिथल्याच मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्यात आयुष्य घातलं. कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यातूनच उभी राहिली. ज्या बोलीला लोक 'अशुद्ध' म्हणून हसतात, तिलाही तिचे नियम असतात, हे भाषाशास्त्र ठामपणे सांगतं. मूल घरी 'पानी' म्हणत असेल तर म्हणू द्या. पुस्तकातलं 'पाणी' त्याला सावकाश कळेल. पण एकदा त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटायला लागली, की ती काढणं फार अवघड असतं.

आता घरी काय करता येईल ते सांगते. यासाठी शिकवणी लागत नाही, आणि तुम्ही स्वतः किती शिकलात याचाही प्रश्न नाही.

मुलाला ऐका. 'शाळेत काय शिकवलं?' असं विचारलं की ते 'काही नाही' म्हणतं. त्याऐवजी 'आज मधल्या सुट्टीत काय झालं?' असं विचारा, आणि सांगायला लागलं की 'बरं, मग?' म्हणत राहा. सलग, क्रमानं सांगता येणं ही लिहिण्याची पहिली तयारी आहे.

लहान मूल सांगेल ते तुम्ही लिहून घ्या, त्याच्याच शब्दांत, आणि बोट ठेवून त्याला वाचून दाखवा. तुम्हाला लिहिता येत नसेल तर मोठ्या ताईला बसवा. आपण बोललेलं कागदावर उतरतं, हे एकदा दिसलं की मुलाला लिहिण्याचं कारण सापडतं.

खरी कामं द्या. किराण्याची यादी, फ्रिजवरची चिठ्ठी, मामाला पत्र, गणपतीच्या आरतीला शेजाऱ्यांना बोलावणं, आजीकडून विचारून लिहिलेली थालीपिठाची कृती. ज्याला वाचणारं माणूस आहे, असं लिखाण मूल आपणहून नीटनेटकं करतं.

लिहिलेलं दाखवायला आणलं तर आधी मजकुरावर बोला. हसा, नवल करा, विचारा. मग एखादीच चूक दाखवा, सगळ्या नकोत. आणि कृपा करून ते पान फाडून पुन्हा लिहायला लावू नका.

शेवटची विनंती आम्हा शिक्षकांच्या बाजूनं. एखादी बाई फळ्यावरचा निबंध न देता मुलांना मनानं लिहायला लावते, तेव्हा वह्या थोड्या विस्कटलेल्या दिसतात. पानं कमी भरतात, चुका जास्त दिसतात. मग पालकांच्या तक्रारी येतात: 'वही अपूर्ण का? चुका तपासल्या का नाहीत?' अशा चार तक्रारी आल्या की ती पुन्हा फळ्याकडे वळते. 'असर'सारख्या मोठ्या सर्वेक्षणांत मुलांचं वाचन तपासलं जातं. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी फक्त २०.५ टक्के होती, हा आकडा खूप गाजला. पण स्वतःच्या मनातलं मांडता येतं का, हे तिथेही विचारलं जात नाही. ते तुम्हीच विचारायला हवं. तुम्ही विचारलंत तर शाळा त्याची तयारी करेल. बाईंना सांगा, 'चुका असल्या तरी चालतील, पण आठवड्यातून एकदा तरी त्याला त्याचं लिहू द्या.' तुमचा हा एक शब्द पाठीशी असला, तर वर्गात पुष्कळ काही बदलता येतं.

कारण पुढे जाऊन या मुलांना कामं करायची आहेत ती लिहूनच. नळाला पाणी येत नाही म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज, पीकविम्याची तक्रार, नोकरीसाठी स्वतःची माहिती, डॉक्टरांना आजाराचा नेमका तपशील, दूर गेलेल्या मित्राला दोन ओळी. त्या वेळी समोर फळा नसेल आणि उतरवून घ्यायला दुसऱ्याची वहीही नसेल. आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडता येणारं माणूस कुणाच्या दारात अडून राहत नाही. तुमचं मूल असं व्हावं, असं तुम्हालाही वाटतं आणि आम्हालाही. त्याची सुरुवात दुसरीतच होऊ शकते, आजीच्या लोणच्यावरच्या तीन चुकलेल्या वाक्यांनीसुद्धा.