बाणाचा टेकू

अगं, काल मैदानावरून निघताना तुझा चेहरा बघितला आणि घरी आल्यावरही तोच डोळ्यांसमोर राहिला. "ताई, माझा हातच वाईट आहे," म्हणालीस. तुझ्यामागे उभी राहून मी बारा बाण नीट बघितले होते. प्रत्येक बाण सुटताना शेपूट वर उडवत होता आणि वाटेत हेलकावे खात होता. हात शिकायला वेळ लागतो, तो तू देशीलच. पण कालचा दोष तुझ्या हाताचा कमी आणि धनुष्याचा जास्त होता. तुझ्या बाणांची प्लास्टिकची पाती सुटताना शेल्फवर आपटतायत. हे एका संध्याकाळी सुधारता येतं, म्हणून आज जरा निवांत बोलते.

तुझ्या लाकडी धनुष्याच्या मुठीच्या वर जी सपाट खाच आहे, तो शेल्फ. त्यावर चामड्याचा किंवा लोकरी कापडाचा तुकडा चिकटवायचा आणि बाण सरळ त्यावर ठेवायचा, ही जुनी रीत. ती चांगली आहे, पण पिसांच्या बाणांसाठी. पीस शेल्फला घासलं तरी लवतं, आडवं होतं आणि पुढे गेल्यावर पुन्हा उभं राहतं. प्लास्टिकचं पातं तेवढं लवत नाही. ते शेल्फला धक्का देतं आणि बाणाची शेपूट उडते. आपल्या नंदुरबारकडच्या भिल्लांच्या धनुष्याला तर शेल्फही नसतो. बांबूचं धनुष्य, दोरीही बांबूच्याच पातळ पट्टीची, आणि बाण टेकतो तो थेट मुठीवर. तिथे टेकू म्हणजे माणसाचा हात, आणि तो हात लहानपणापासून घडलेला. आपण विशीत सुरुवात केली, आपल्याला रेस्ट, म्हणजे बाणाचा वेगळा टेकू, लागते.

मग पिसंच का नकोत, असं विचारशील. पुण्याचा पाऊस, दुसरं काय! जून ते सप्टेंबर आपण भुरभुरीत सराव करतो, आणि पीस भिजलं की चोळामोळा होऊन बाणाला चिकटतं. पहिल्या पावसाळ्यात मी पिसांचे सहा बाण घेऊन हट्टाने उभी राहिले होते. अर्ध्या तासात सहाही बाण सहा दिशांना जायला लागले आणि मला वाटलं, आपण सगळं विसरलो. प्लास्टिकला पावसाचं काही वाटत नाही. प्लास्टिकची पाती लावायची तर बाण शेल्फपासून वर उचलला पाहिजे, म्हणून उंच रेस्ट. माझ्या मते पुण्यात बारा महिने सराव करणाऱ्या मुलीला हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

या रेस्टविषयी तू वाचायला लागलीस की बहुतेक मजकूर परदेशी शिकाऱ्यांचा सापडेल. चामड्याची पट्टी लावून आवाज कसा मारायचा, झाडावर बसून कोणती रेस्ट टिकते, असलं सगळं. त्यातलं तंत्र घे, शिकार तिथेच सोडून दे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि सिंहगडाच्या रानात 'नुसतं सराव म्हणून' धनुष्य घेऊन फिरणंसुद्धा मला पटत नाही. आपलं जनावर म्हणजे गवताचा नाहीतर फोमचा बट. सोसायटीची गच्ची आणि पार्किंगही नको. एक बाण चुकला तर तो कुठे थांबेल, हे ठाऊक असेल तिथेच दोरी ओढायची.

आता घ्यायची कोणती? साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून तुम्हा मुलींना तिच्यासारखं सगळं हवं असतं. तो हट्ट मला आवडतो. पण तिचं धनुष्य कंपाउंड. तिथे दोरी यंत्राने सुटते, बाण मुख्यतः वर-खाली वाकतो, म्हणून त्याला खालून धरणारी रेस्ट चालते. तू बोटांनी सोडतेस. बोटांवरून दोरी घसरताना बाजूला सरकते, त्यामुळे बाण आडवा वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून जातो. तुला खालून बारीक आधार आणि बाजूने मऊ टेक हवी. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला तो तुझ्यासारखंच बोटांनी सोडायच्या रिकर्व्ह धनुष्यावर. त्या धनुष्यांना तारेची रेस्ट आणि बाजूला स्प्रिंगचं बटन असतं. तुझ्या रायझरमध्ये, म्हणजे धनुष्याच्या मधल्या लाकडी भागात, बटनासाठी पितळी आट्याचं भोक आहे, पण आज ते तसंच राहू दे. पहिलं वर्ष साधी चिकटवायची प्लास्टिकची रेस्ट घे. हॉइटची सुपर रेस्ट वर्षानुवर्षं लोक वापरतायत, ती पुरे. एक नाही, दोन घे. ही वस्तू झिजते आणि नेमकी स्पर्धेच्या सकाळीच तुटते. मागवताना उजव्या हाताची की डाव्या, ते दोनदा बघ. दोरी ज्या हाताने ओढतेस तो तुझा हात. मला एका दुकानाने उलटी पाठवली होती आणि मी ती तशीच लावायची खटपट करत एक रविवार घालवला.

लावणं मात्र घाईत करू नकोस. आधी दोरी चढव, कारण सगळी मापं चढवलेल्या धनुष्यावरच घ्यायची. मेडिकलमधून स्पिरिट आण आणि धनुष्याच्या खिडकीची, म्हणजे शेल्फच्या वर कापलेल्या भागाची, आतली बाजू कापसाने पूस. लाकडाच्या पॉलिशवर आपल्या तळव्याचं तेल बसलेलं असतं, त्यावर गोंद धरत नाही. वाळू दे. मग मुठीची सर्वांत खोल जागा, जिथे अंगठा आणि तर्जनीमधली खोबण बसते, तिच्या बरोबर वर रेस्टचा हात आला पाहिजे. पुढे-मागे गेला तर मनगटाची छोटीशी पिळवटसुद्धा बाणाला लागते. पहिल्यांदा कागद न काढता साध्या टेपने लाव, बाण ठेवून बघ. खालचं पातं शेल्फला शिवत नाही इतकीच उंची घे, त्याहून जास्त नको. बाण हातापासून जितका वर जाईल तितकी मुठीची पिळवट त्याला जास्त जाणवते आणि नुसत्या नजरेने नेम धरणंही अवघड होतं. उंच रेस्टचा हा खरा तोटा आहे.

नंतर दोरीवरची गाठ, नॉक पॉइंट. टी-स्क्वेअर नसेल तर भावाच्या कंपासपेटीतला गुण्या चालेल. दोरीशी काटकोन धरून रेस्टची रेघ दोरीवर आण आणि तिच्या वर साधारण एक सेंटिमीटर बाणाचं बूड बसू दे. तू तीनही बोटं बाणाखाली धरतेस, म्हणून थोडं अजून वर लागेल. पितळी कडी लगेच आवळू नकोस. दातांच्या फ्लॉसची गाठ मार, ती फिरवून वर-खाली करता येते. मग मागे उभी राहून दोरी धनुष्याच्या वरच्या-खालच्या दोन्ही बाहूंच्या मधोमध दिसेल असं धर. बाणाचं टोक दोरीच्या किंचित डावीकडे दिसायला हवं. उजव्या हाताच्या तिरंदाजाला हेच बरोबर. ते फार आत वाटलं तर रेस्टखाली टेपचा एक थर वाढव. वेगळ्या रंगाचं पातं बाहेरच्या बाजूला असू दे.

पाती कुठे लागतायत का, हे कळायला घरातली टाल्कम पावडर पुरते. शेल्फवर आणि रेस्टवर भुरभुरव, एक बाण सोड, मग पात्यावर पांढरं लागलंय का बघ. लागलं असेल तर पात्याची दिशा जरा फिरव, बाकी काही छेडू नकोस.

शेवटी दहा-बारा मीटरवरून तीन नेहमीचे बाण आणि एक पाती काढलेला बाण सोड. नागडा बाण इतरांच्या वर लागला तर गाठ वर घे, खाली लागला तर खाली. तो डावीकडे गेला तर बाण तुझ्या धनुष्याला ताठ आहे, उजवीकडे गेला तर लवचीक. ते बाणाचं टोक जड-हलकं करून सावरतं, आणि त्यासाठी मी सोबत असेन. पण एका बाणावरून निकाल लावू नकोस. तेच चार-पाचदा घडलं तरच काहीतरी हलवायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट. जमलं की रेस्टच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेव. मे महिन्यात गाडीच्या डिकीत धनुष्य राहिलं की गोंद सैल होतो आणि रेस्ट गुपचूप खाली सरकते; रेघ असली की लगेच लक्षात येतं. मला ते कळायला तीन आठवडे लागले होते. तोवर मी स्वतःलाच दोष देत बसले होते, अगदी काल तू देत होतीस तसा.

स्पर्धेत नाव घालायच्या आधी मात्र गट कोणता ते विचार. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत बेअरबो, म्हणजे साइट न लावता सोडायच्या, गटाला रेस्ट चालते. लाँगबो गटात वेगळी रेस्ट चालत नाही, आणि बाणही लाकडी आणि पिसांचाच लागतो.

शनिवारी सकाळी सात वाजता ये. स्पिरिट आणि गुण्या घेऊन ये, तुझ्या रेस्ट येईपर्यंत माझ्याकडच्या दोन आहेत.